दीड बोट माया

"खाली वाकू नका, सुई टोचेल."

मास्तरांचं हे वाक्य ठरलेलं. कुणी पायांशी आलं की ते त्याचे खांदे धरून उभं करत आणि हेच म्हणत. दुकानात जमिनीवर खरोखरच सुया सांडलेल्या असत, त्यामुळे हा विनय की इशारा, ते नव्या माणसाला उमगत नसे.

मास्तर म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर. चिंचोळं दुकान, पायानं चालणारं मशीन, कापायचं टेबल आणि देवाची एक तसबीर. तीही गिऱ्हाइकाला दिसेल अशी नाही, मशीनवर बसणाऱ्याला दिसेल अशी. संध्याकाळी काम आवरलं की आठ-दहा माणसं टेबलाभोवती जमत. मास्तर पोथीतलं पानभर वाचत, सगळ्यांना नाम घ्यायला लावत आणि घरी पिटाळत. कुणी गुरू म्हणालं की म्हणत, "गुरूनं देवापर्यंत न्यावं आणि बाजूला व्हावं. मध्येच उभा राहिला तर उजेड अडतो, कापड वाकडं कापलं जातं."

त्यांच्या उजव्या हाताला काजवाला बसे. बावीस वर्षं शर्टांना काजं करत होता. बोटांचा देखणा, मनाचा जरा उपाशी. लोक सल्ला विचारायचे मास्तरांना, त्याला विचारायचे, "बटणं लावलीस का रे?"

एक दिवस सिस्टर आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, एकुलती लेक परगावी. म्हणाल्या, "मास्तर, नामाला बसते आणि चित्त सगळं लेकीच्या फोनकडे. काय करू हो?"

मास्तरांची मान टेबलावर, तोंडात टाचण्या. वयानं कानही मंद झालेले. शेजारी काजवाला खडूनं कापड आखत होता. त्याला ते म्हणाले, "माया सोड." पुढचं "चांगली दीड बोट" हे रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये बुडालं.

शिवणीच्या आत जादा कापड राखतात, पुढेमागे अंगाला घट्ट झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. शिंप्याचं सोडणं म्हणजे राखणंच.

पण सिस्टरांना कुठलं ठाऊक? दारापाशी त्यांनी काजवाल्याला हळूच विचारलं, "मलाच म्हणाले ना मास्तर?"

काजवाल्याला सगळं ठाऊक होतं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे अर्थ मागत होतं.

"तुम्हालाच," तो म्हणाला. "मास्तर असंच आडून बोलतात. लेकीचा फोन घेणं बंद करा. मन आपोआप बसेल."

सिस्टरांनी ते गुरूचं वाक्य म्हणून पाळलं. तीन महिने. संध्याकाळी पिशवीतला फोन थरथरू लागला की त्या पिशवी पोटाशी दाबून धरत आणि डोळे घट्ट मिटत. काजवाल्याला ते दिसे. नाम घेताना त्याच्या जिभेवर देवाचं नाव असे आणि कानात ती थरथर. "आज सांगू," असं तो रोज ठरवी. मग सिस्टरांचं बघून आणखी कुणीतरी विचारी, "मास्तर काल म्हणाले त्याचा अर्थ काय हो?" आणि त्याची छाती पुन्हा फुगे. काजं मात्र तिरकी पडू लागली होती.

मग एका दुपारी हातात बॅग घेऊन एक बाई थेट दुकानात शिरली.

"मास्तर कोण? मी सिस्टरांची मुलगी. आई फोन उचलत नाही. शेजारणीकरवी निरोप पाठवते, मास्तरांनी माया सोडायला सांगितलीय."

"मी?" मास्तर हसले. "अगं, माया सोडायला मी ह्या काज्याला सांगतो. रोज दहादा!"

बोलता बोलता त्यांची नजर काजवाल्याकडे गेली आणि हसू थांबलं.

सिस्टरांनी चुकीचं ऐकलं, एवढं म्हटलं असतं तरी काजवाला सुटला असता. वाक्य जिभेपर्यंत आलंही होतं. त्यानं सुई खाली ठेवली.

"त्यांनी मला विचारलं होतं, मास्तर. मला खरं माहीत होतं. तरी मी तसं सांगितलं."

"का पण?" लेक ओरडलीच. "काय वाकडं केलं होतं आम्ही तुमचं?"

"काही नाही. कुणीतरी मला विचारतंय, ह्याचंच बरं वाटलं."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, गळ्यातली टेप काढली आणि चपला शोधू लागले.

"तुम्ही कशाला? यांना पाठवा," लेक म्हणाली.

"सांगितलं माझ्या नावानं ना? मग परत घ्यायला मीच हवा. आणि बाळ, तुझी आई विचारत होती तेव्हा मी मान वर केली नाही. ते पाप काज्याचं नाही."

काजवाला धडपडत उठला. "मीही येतो, मास्तर."

"आज नको. आज तू माझ्या आडोशाला उभा राहून माफी मागशील. उद्या एकटा जा. त्या दार लावतील, तर परवा जा."

दोघं रस्त्यावर उतरली. मास्तरांनी बॅगेला हात घातला, तिनं झटक्यानं ओढून घेतली. ते नुसतेच तिच्या मागून चालत राहिले, मान खाली, पायांत घाईनं उलटसुलट घातलेल्या चपला.

"माझा शर्ट झाला का रे?" दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक विचारत होतं.

काजवाल्यानं ऐकलं नाही. तो उंबऱ्यात उभा राहून, वळणावर मास्तरांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.