कॅसेटीतलो 'व्हय म्हाराजा'

भुताखेतांवर माझो कधीच विश्वास नाय. डोक्यात भूत शिराक आधी डोकां तरी होया! शाळेचां तोंड मी बगूक नाय, म्हणान मी सांगतंय आणि भाची लिवता.

सत्त्याऐंशी साल, मालवण. माझो दोस्त सदा बोटीवर खलाशी. तेना अमेरिकेसून डबल टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट हाडल्यान... एक जण नुसतो ठेको बनवता, दुसरो तेच्यावर धडाधड बोलता. गाणां नायच!

सदा म्हणालो, "बाबल्या, आपण अशीच काढूया. मालवणीत."

दशावतारातलो मृदंग टेप करून, तोच तुकडो परत परत जोडून सदान ठेको बनवल्यान. बोलणारो मीच — माका खात्री. माइकासमोर रवलंय... तिसऱ्याच ओळीक उचकी लागली. तांब्याभर पाणी पिलंय तरी थांबाक नाय.

मगे सदान रफिकाक बोलवल्यान. रफिक बंदरावर मासळीचो लिलाव ओरडी. जीभ कसली, शिलाई मशीन ती! सदा तेका म्हणालो, "वा रे माझ्या वाघा!" माका वीस वर्सांत मांजर पण म्हणाक नाय.

रेकॉर्डिंगच्या दिवशी रुसान लांब तळेऱ्या गावाक बहिणीकडे गेलंय. दुपारी थंयच्या देवळात नारळ ठेवन गाऱ्हाणां घातलंय — "बा देवा म्हाराजा, त्या दोघांच्या कॅसेटीत कायतरी खोट काढ!" गाऱ्हाण्याक मागसून 'व्हय म्हाराजा' म्हणाक माणसां लागतत. माझ्यावांगडा कोण नाय. मगे गाऱ्हाणां माझां, आणि "व्हय म्हाराजा" पण माझांच! चार वेळा ओरडलंय. चौथ्याक उचकी.

आठ दिसांनी सदान कॅसेट लावल्यान. रफिकाची ओळ संपली... आणि मागसून "व्हय म्हाराजा!" आवाज माझो. बरोब्बर ठेक्यार. चार वेळा. चौथ्याक उचकी!

"बाबल्या, खंय लपलेलस रे?" सदान इचारल्यान.

"तळेऱ्याक होतंय! बहिणीक इचार."

रफिक म्हणालो, "खोलीत आमी दोघेच. कडी मीच लावलेलंय."

"पुसूया?" सदा म्हणालो.

"नको रे," रफिक म्हणालो, "सगळ्यात भारी तोच जमलो हा."

कॅसेट गावभर वाजली, आणि जो तो इचारी — रफिक बरो आसा, पण तो मागसून बोलणारो कोण?

कसां झालां, अजून कळाक नाय. रफिकाचो हेवो कधीच सरलो. आता जळतंय त्या कॅसेटीतल्या बाबल्यावर... तेका तरी सदान खोलीत घेतल्यान.