चिंगी घरी पोचली नाही

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला माहीत नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा देवालाही मी हे कधी सांगितलं नाही — म्हणजे त्याला ठाऊक असेलच, पण मी आपली डोळे मिटून दुसरंच काहीतरी मागत आले. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

सुरुवात एका गेमपासून करते. तो घरात आला नसता तर मी हे पोटात ठेवूनच वर गेले असते.

माझी मुलगी ऋतुजा अलिबागला कॉलेजात आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आजीला एक गेम दाखवला. त्यात आपण मांजर असतो. हसू नका, मीही हसले होते. मारामारी नाही, बंदुका नाहीत. एक मांजर आपल्या घरापासून लांब कुठेतरी पडलेलं असतं आणि त्याला घरी पोचवायचं, एवढंच. कोणी बोलतही नाही त्यात. परदेशातलं गाव, दगडी गल्ल्या, मधून वाहणारा कालवा — आणि सगळं मांजराच्या उंचीवरून दिसतं. माणसं गुडघ्यापर्यंतच. मधेच मांजराला जुनं काही आठवतं आणि पडद्यावर धूसर तुकडा येतो. एक बशी. एक हात. कोणाचे तरी पाय.

माझ्या सासूबाई — मी त्यांना आईच म्हणते — कमरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर असतात. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नाहीत, 'सगळ्या बायका नुसत्या नटून रडतात' म्हणतात. पण हा गेम त्या डोळे न मिटता बघत राहिल्या. सुट्टी संपली तेव्हा ऋतुजाने लॅपटॉप टीव्हीला तसाच जोडून ठेवला आणि ते हातात धरायचं खेळणं मला दिलं. आई त्याला रिमोट म्हणतात. "मम्मी, रोज दुपारी आजीला थोडं खेळून दाखव हां. तिला वाटतं ते मांजर म्हणजे आपली चिंगीच आहे."

चिंगीचं नाव ऐकून मी ते खेळणं लगेच खाली ठेवलं. का? सांगते. थांबा जरा.

चिंगी आमची मांजर होती. राखाडी, पोटाला पांढरी. आम्ही दिघीला राहतो, धक्क्यापासून चार घरं आत. अंगणात जवळ्याची बारीक कोलंबी वाळत घातलेली, दोरीवर बोंबील — अशा घरात मांजर म्हणजे चोराला पाहुणा करणं. पण मांजर मारायचं नाही. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून आमच्याकडे दुसरी रीत आहे. त्रास देणारं मांजर पिशवीत घालायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे आगरदांड्याला उतरलं की पिशवी तीनदा गोल फिरवायची म्हणजे त्याला दिशा कळत नाहीत, आणि सोडून द्यायचं. मागे बघायचं नाही. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही म्हणतात. यात कोणाला काही वाईट वाटत नाही.

शेजारी हिरामावशी राहते. तिची आणि आईंची तीस वर्षांची जोडी. सकाळची पहिली फेरीबोट, दोघींच्या दोन पाट्या, मुरूडचा बाजार. एकीने दुसरीच्या डोक्यावर पाटी चढवून द्यायची. एकीला ताप आला तर दुसरी तिचीही मासळी विकून यायची. एकदा चिंगीने हिरामावशीच्या जवळ्यात धुडगूस घातला, तेव्हा ती चार बायकांसमोर ओरडली होती, "गो, तुझ्या या भवानीला एक दिवस पाटीत घालून आगरदांड्याला सोडीन, बघच!" आई पोट धरून हसल्या होत्या.

आणि मग एक दिवस चिंगी दिसेनाशी झाली. अकरा वर्षं झाली त्याला. आईंचा पाय मुरगळला होता, त्या बाजाराला गेल्या नव्हत्या. हिरामावशी एकटीच पाटी घेऊन पलीकडे गेली होती. गावाने दोन आणि दोन चार केले. हिरामावशीने एकवीरा आईची शपथ घेतली. आई म्हणाल्या, मांजरापायी देवीची खोटी शपथ घेतलीस, आता तुझं तोंड बघायची न्हाय. आणि नाहीच बघितलं. पाय बरा झाल्यावर त्या दुसऱ्या बोटीने जायला लागल्या. बाजारात जागा बदलली. मधे एक भिंत आणि अकरा वर्षांत एक शब्द नाही.

चिंगीला मी सोडलं.

झालं. लिहिलं एकदाचं. पण एवढंच नाही — एवढंच असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारच्या बोटीने मी मुरूडला माहेरी चालले होते, संध्याकाळी परत यायचं होतं. आई पायाच्या दुखण्याने सकाळपासून आतल्या खोलीत झोपूनच होत्या. चिंगी उन्हातून काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर पसरली होती. मी तिला उचललं आणि चेनच्या पिशवीत घातलं. तिने ओरबाडलंसुद्धा नाही. तिला वाटलं मी तिला घेते आहे! बोटीच्या इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं कोणाला ऐकू गेलं नाही. आगरदांड्याच्या उतारावर मी पिशवी तीनदा फिरवली, चेन उघडली. ती पळाली नाही. बाहेर येऊन तिथेच बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, जा. ती उठली आणि माझ्याच पायाशी आली. मग मीच पळाले. आणि मागे बघितलं.

ती गाभण होती. हे मला माहीत होतं.

का केलं? कारण एवढं क्षुल्लक आहे की सांगायची लाज वाटते. आई रोज दुपारी तिला विचारायच्या, 'जेवलीस का गो बाय?' लग्नाला आठ वर्षं झाली होती, मला त्यांनी तसं कधी विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते, आणि त्यांनी सुरमईचं डोकं उकडून काटे काढून — चिंगीला दिलं. बस. मला मांजराचा हेवा वाटला. बाईला मांजराचा!

संध्याकाळी परत आले तेव्हा आई लंगडत दारात उभ्या होत्या. "वनिता, तू निघालीस तवा चिंगी हुती का गो?" 'हो' म्हटलं असतं तर हिरामावशी सुटली असती, ती तर सकाळीच गेली होती. हा हिशोब माझ्या डोक्यात पापणी लवायच्या आत झाला. मी म्हटलं, "नाही, सकाळपासूनच दिसली नाही."

सकाळपासूनच. हा एक शब्द मी अगदी समजून-उमजून बोलले.

तेव्हापासून मी घाबरून जगते आहे. फेरीबोट लागली की मी आधी फळीवरून उतरणाऱ्यांचे पाय बघते. कधी त्यांच्यामधून राखाडी काही आलं तर? मेली असेल ती, उघड्यावर एवढी वर्षं मांजर जगत नाही, हे मला कळतं. भीतीला कळत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदुपारी होतं. एखाद्या बाईने नुसतं 'तुला एक विचारायचंय' म्हटलं तरी माझी पाचावर धारण बसायची.

आणि आता आईंच्या शेजारी बसून मलाच ते मांजर घरी न्यायचं होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? राहू द्या. उत्तर नको.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी आठवणीचा एक तुकडा आला. पडदा काळा झाला. मधे उजेडाची एक उभी रेघ होती आणि ती वरून खाली मिटत चालली होती. आईंना ते काय आहे कळलं नाही. मला कळलं. ते पिशवीच्या आतून होतं. चेन लागताना आतून असं दिसतं, हे मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मग अंधारात नुसता श्वास ऐकू येत होता, मांजराचा, भराभर. माझ्या हातून रिमोट खाली पडला.

पुढच्या तुकड्यात पाय दिसले. पिशवीजवळ उभे, चप्पल घातलेले. आई पुढे झुकून म्हणाल्या, "बाईचे पाय हायत हे." मी माझे पाय साडीखाली ओढून घेतले. खरंच सांगते, ओढून घेतले.

ऋतुजाचा फोन आला. "मम्मी, बेकरीपर्यंत आलात? तिथे म्हातारा मांजराला उशी देतो. तिथे झोपवलं तर गेम संपतो, मांजर तिथेच राहतं. तसं करू नकोस. पुढे जा. शेवटी ते घरी पोचतं ना, तेव्हा पहिल्यांदाच मान वर करून चेहरा बघतं — ज्याने सोडलं त्याचा. मी जाम रडले." मी विचारलं, कोणाचा असतो? ती म्हणाली, "तूच बघ ना."

मला माहीत होतं तो चेहरा माझा नसणार. परदेशात केलेला गेम, त्यांना दिघीची वनिता कशाला माहीत असेल? पण माझ्या शेजारी आई बसणार होत्या. त्या क्षणी त्या पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघतील, अशी भीती मनात बसली आणि हलेना. दोन दुपारी मी डोकं दुखतंय म्हणून खेळले नाही. तिसऱ्या दुपारी आईच म्हणाल्या, "आज घरी ने गो तिला. लय फिरली."

मी मांजराला बेकरीत नेलं. म्हाताऱ्याचे पाय आले, उशी आली. बटण दाबून धरलं की मांजर अंग गोळा करून झोपतं. मी दाबून धरलं. पडद्यावर प्रश्न आला — इथेच राहायचं की पुढे जायचं. इंग्रजीत होता. आईंना वाचता येत नाही. मी 'इथेच' दाबलं. गाणं वाजलं, नावं वर सरकायला लागली.

"संपला?" आईंनी विचारलं.

"संपला."

"मंजे घर न्हायच मिळालं?"

"हे मिळालं ना. दुसरं."

त्या बराच वेळ नावं बघत राहिल्या. म्हणजे बघा, एकाच मांजराला मी दोनदा सोडलं. पहिल्या वेळी राग तरी होता.

दोन दिवसांनी सकाळी आई म्हणाल्या, "हिराला हाक मार." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या पुन्हा म्हणाल्या. मी भिंतीपलीकडे गेले. हिरामावशी अंगणात जवळा चाळत होती. मी म्हटलं, आईंनी बोलावलंय. तिने चाळण खाली ठेवली, हात दोनदा धुतले, पदर सारखा केला आणि काही न विचारता माझ्या मागून आली. दारात मात्र ती अडली. आईंनी पलंगावरची जागा हाताने झटकली, तेव्हा आत आली.

आई म्हणाल्या, "हिरा, तुला मी माफ केलं गो. असंल ती कुठंतरी, कुणी घेतली असंल तिला. माझं आता कितीसं राह्यलंय?"

जिने देवीची खरी शपथ घेतली होती, जी अकरा वर्षं बाजारात एकटी बसली होती, तिला माफी मिळत होती. मी दाराला पाठ लावून उभी होते. तोंड उघडायला तेव्हा जागा होती, वेळ होता, दोघी समोर होत्या. मी मनात म्हणत होते, मावशी, नाही म्हण. म्हणजे तरी मला बोलावं लागेल.

तिने आधी आईंकडे पाहिलं, त्यांच्या वाळलेल्या हातांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे ती जरा जास्त वेळ बघत होती. तिला ठाऊक होतं की काय? कधीपासून? मला आजही माहीत नाही.

मग ती आईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "चुकलं गो माझं. मीच सोडली तिला."

आई रडल्या. हिरामावशीही रडली. मी तिथेच उभी राहिले आणि काही बोलले नाही.