अठ्ठेचाळीस ठोके

आमच्या ह्यांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, आणि उजवाही निरोप घ्यायच्या तयारीत आहे. छापखान्यात एकतीस वर्षं मशीनमन होते, त्याची ही बिदागी. हे मला माहीत आणि कानाच्या डॉक्टरांना माहीत. तिसऱ्याला कळलं तर क्लॅरिनेट कायमचं माळ्यावर, अशी मला धमकी होती. आणि हा माणूस बोललेलं करून दाखवतो, हीच तर पंचाईत. निवृत्तीनंतर भिंतीकडे बघत बसलेल्या ह्यांना त्या क्लॅरिनेटनेच परत माणसांत आणलं होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी जॅझचा वर्ग भरतो. नाव नोंदवायला नको, परीक्षा नको. काल वाद्य घेतलेला चालतो आणि वीस वर्षं वाजवणाराही चालतो. वर्ग घेतात ते दातांचे डॉक्टर, गिटारवाले. ड्रमवर पोस्टातली बाई. एकेकाला पाळी मिळते, बरोबर अठ्ठेचाळीस ठोक्यांची. तेवढ्यात मनाला येईल ते वाजवायचं, आणि संपलं की पुढच्याकडे बघून मान हलवायची.

आता ऐकू न येणारा माणूस ठोके मोजणार कसा? तर पायांनी. मशीनचा रोलर बिघडला की ह्यांच्या तळपायाला आधी कळायचं. वरच्या हॉलची जमीन लाकडी. हे बूट-मोजे काढून उभे राहायचे आणि ठोका टाचेतून वर चढायचा. वर्गात सगळे ह्यांना ‘अनवाणी’ म्हणायचे, म्हाताऱ्याची लहर समजून हसायचे. मी मागच्या खुर्चीवर स्वेटर विणत मूग गिळून बसायची.

त्या गुरुवारी गेलो तर हॉलमध्ये रंगकाम. रंगाऱ्यांनी दारंसुद्धा काढून खाली आणून ठेवलेली. वर्ग तळमजल्यावर, पुस्तकं बांधायच्या खोलीत. तिथे फरशी. परत जाऊ या, असं मी खुणेनं सांगितलं. ऐकतील तर शपथ. बूट काढले, पाय फरशीवर टेकवले आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं मी ह्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

बासरीवाला झाला, ट्रम्पेटवाल्या आजी झाल्या. माझ्या सुईवरचे टाके सुटत होते. आजींनी ह्यांच्याकडे बघून मान हलवली. सुरुवात ठीक झाली. विसाव्या ठोक्याच्या आसपास घसरले. ड्रम एकीकडे, क्लॅरिनेट दुसरीकडे. अठ्ठेचाळीस झाले, साठ झाले, हे आपले डोळे मिटून वाजवतायत. पुढची सॅक्सोफोनवाली मुलगी वाद्य तोंडाला लावून ताटकळलेली. दातांच्या डॉक्टरांनी हात करून सगळ्यांना थांबवलं. खोली गप्प झाली, आणि ह्यांचं एकट्याचं चालूच. कुणीतरी फिसकन हसलं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. “हसताय काय? ऐकू येत नाही त्यांना. पायाने ऐकतात ते. वर लाकूड होतं, इथे फरशी आहे.”

ह्यांनी डोळे उघडले ते नेमके माझ्या तोंडावर. ओठ वाचायला ते कधीच शिकले होते. क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवायला लागले. झालं, घातलं मी मातीत सगळं. वाटलं, जीभ हासडून टाकावी.

तेवढ्यात पोस्टातली बाई उठली. समजूत घालणं वगैरे काही नाही. भिंतीला टेकवलेलं एक दार तिने फरशीवर आडवं टाकलं, एका टोकावर पायाने वाजवायचा मोठा ड्रम ओढला, दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं आणि ठोके द्यायला लागली. एक, दोन, तीन, चार. हे ढिम्म. ती थांबेना. पेटी अर्धी भरलेली. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग ह्यांनी एक पाय दारावर ठेवला. जरा वेळाने दुसरा. आणि वाकून पेटीतले तुकडे पुन्हा जोडायला घेतले.

अठ्ठेचाळिसाव्या ठोक्याला सॅक्सोफोनवालीकडे बघून मान हलली. मी मोजत होते.

घरी पोचलो. कुलपात किल्ली फिरवताना वळले.

“पुढच्या गुरुवारी तू यायचं नाहीस. मी एकटा जाणार.”

बरं, म्हटलं मी. म्हणजे क्लॅरिनेट माळ्यावर जाणार नव्हतं. आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.