सोडलेला मुद्दा

आमच्या वेळी वादविवाद स्पर्धेला प्रत्येक कॉलेजातून दोघं जात. एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरा विरुद्ध. व्यासपीठावर एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि ढाल मात्र दोघांनी मिळून आणायची, कारण गुण दोघांचे एकत्र धरत. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटतं. मला वाटलं नाही, कारण पुढे मी माझ्या जोडीदाराशीच लग्न केलं. तो कायम अनुकूल, मी कायम प्रतिकूल. लग्नानंतर फक्त विषय बदलले.

त्याची एक खोड होती. स्पर्धेआधी चहा घेताना तो मला स्वतःच्याच भाषणातली कच्ची जागा दाखवायचा. "इथे मला धर," म्हणायचा. पहिल्यांदा वाटलं, हा मला फसवतोय. नंतर लक्षात आलं की सोपं जिंकण्यात त्याला गोडीच नव्हती. समोरच्याने हात राखून वार केला तर तो आपला अपमान, असं त्याचं म्हणणं. गावाकडून आलेला मुलगा, त्याचं 'हाय' आणि 'व्हतं' ऐकून पहिल्या वर्षी वर्ग हसला होता. त्यानंतर त्याने शहरी मराठी अशी कमावली की हसणाऱ्यांचीच शुद्धलेखनं त्याच्यापुढे लंगडी पडली. गावची बोली तेव्हाच बाहेर येते, खोलवर लागलं की.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चाकं.

त्याचं गाव आता शहरात आलंय. तिथे उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्याची शेड आहे आणि तीत तो चाकं बनवतो. दवाखान्यातल्या खाटांखालची, ट्रॉल्यांची, खुर्च्यांची. हाताखालची माणसं त्याच्याबरोबरच पिकली आहेत. आमच्या मुलीने मात्र सदाशिव पेठेत एक गाळा भाड्याने घेतला आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या जोडायला सुरुवात केली. आमच्या भागात मुलं परदेशी आणि आईबाप तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पहिल्या खुर्च्यांना तिने बापाचीच चाकं लावली. नारायण पेठेतल्या एका आजींनी खुर्ची दोन दिवस वापरली आणि फोन केला, "अहो, ही खुर्ची आहे की रोड रोलर? खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले." मुलीने बापाला चाक हलकं करायला सांगितलं. त्याने सांगितलं की हलकं चाक मोडतं. ती थांबली, तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबली आणि शेवटी चीनहून येणारी चाकं घेऊ लागली. हलकी, मऊ, आवाज नाही आणि स्वस्त. काखेत कळसा असताना हिने गावाला वळसा घातला, असं नातेवाईक म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्याने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

मग यंदा त्या चाकांवरचं आयातशुल्क वाढवावं का, अशी वरून विचारणा आली. लघुउद्योजकांच्या संघटनेने मत कळवायचं होतं, आणि त्याआधी सभासदांची बैठक. बनवणाऱ्यांतर्फे बोलायला सगळ्यांनी याचं नाव घेतलं. अध्यक्ष नियमाचे पक्के. वापरणाऱ्यांतर्फेही कोणी बोललं पाहिजे म्हणून त्यांनी शोध घेतला आणि नेमकी आमची मुलगी सापडली. फोनवर मला म्हणाले, "बरं झालं वहिनी, एकाच घरचे दोघं आहेत. पत्रिका एकच पाठवतो."

त्यांचा विनोद झाला. माझं घरात बसणं अशक्य झालं.

शुल्क वाढलं नाही तर शेड बंद पडणार, हे त्याने मला बाल्कनीत उभं राहून सांगितलं होतं, हवामान सांगावं तितक्या सपाट आवाजात. शुल्क वाढलं तर मुलीची खुर्ची महाग होणार, आणि नवा धंदा असा धक्का सोसत नाही, हे ती न सांगताही मला कळत होतं. दोघांपैकी एकाचं बुडणार होतं. आणि आयुष्यभर वादविवाद शिकवलेली, परीक्षक म्हणून मिरवलेली मी, दोघांच्या भाषणांची तयारी करून घ्यायला मोकळीच होते. सकाळी तो बोलून दाखवायचा, दुपारी ती.

तो म्हणायचा, ते लोक आज तोटा सोसून विकतात, कारण उद्या आपण उरणार नाही हे त्यांना माहीत आहे. मग भाव तेच ठरवतील. यंत्र पुन्हा विकत मिळेल, हात मिळणार नाहीत. मला अगदी पटायचं. दुपारी ती म्हणायची, शुल्क भरणार कोण? चीन नाही, तिसऱ्या मजल्यावरची आजी भरणार. आणि आडोसा मिळाल्यावर बाबा चाक हलकं कशाला करेल? तेही पटायचं. मी ज्याचं ऐकत असे त्याची होत असे. मग कोथिंबीर आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचं, शनिवार पेठेपर्यंत तरातरा चालत जायचं आणि कोथिंबीर न घेताच परत यायचं. एका संध्याकाळी शेजारीण म्हणाली, वजन उतरलेलं दिसतंय. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मला राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. त्याचा यायचा, कारण वर्षानुवर्षं एकच चाक करत बसला. तिचा यायचा, कारण चार पैसे जास्त देऊन बापाचा माल घ्यायला काय झालं होतं. मग मलाच आठवायचं की तसं केलं असतं तर गाळा कधीच बंद पडला असता.

बैठकीच्या आदल्या रविवारी पोहे खाताना तो तिला म्हणाला, "बेअरिंगचं विसरलीस."

तिने मान वर केली. त्याने तिच्या ताटाशेजारी स्वतःचं एक चाक ठेवलं. चाकाच्या पोटातलं बेअरिंग चीनचंच असतं, इथलं परवडत नाही. संघटना मागणी करतेय ती तयार चाकांवर शुल्क वाढवायची, बेअरिंगवर नाही. म्हणाला, म्हणजे मला हवं ते बाहेरून स्वस्त यावं आणि तुला हवं ते महाग व्हावं. शिवाय चीनने चिडून उद्या बेअरिंग रोखली तर माझी शेड तशीही बंद. "इथे मला धर," तो म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागला.

मुलगी चाक हातात घेऊन फिरवत राहिली. ते फिरताना केवढा आवाज करत होतं.

बैठक शनिवार पेठेतल्या एका छोट्या सभागृहात होती. तो आधी बोलला, छान बोलला. टाळ्याही पडल्या. मग ती उठली. आजींची गोष्ट तिने अशी सांगितली की बनवणारेसुद्धा हसले. शुल्क कोण भरतं ते सांगितलं. आडोशाचं सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. मला ती बसण्याची पद्धत ओळखीची होती. घाव कुठून येणार ते माहीत असलेला माणूस तसा बसतो. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. घंटा वाजायला अजून अवकाश होता. तिने सगळ्यांचे आभार मानले आणि ती खाली बसली.

बेअरिंगचा शब्दही काढला नाही.

शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की दोन्ही बाजू जशाच्या तशा कळवल्या जातील, आणि बटाटेवडे आले. त्याने वडा घेतला नाही. पार्किंगमध्ये ती स्कूटर काढत होती, तिथे जाऊन तो तिच्यासमोर उभा राहिला.

"मुद्दा का सोडला?"

वेळ संपत आली होती, असं ती काहीतरी पुटपुटली.

"घंटा वाजायची व्हती अजून," तो म्हणाला. "माझी कीव करतीस व्हय? म्हातारा हाय म्हणून?"

आजूबाजूला सभासद स्कूटरी काढत होते. त्यांच्यापैकी कुणी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मी मध्ये पडायला पुढे झाले, पण मुलीने मला हाताने थांबवलं. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र अगदी साधा होता.

"कीव नाही केली, बाबा. तो मुद्दा मांडला असता ना, तर त्यांना पटला असता."

मग तिच्या हेल्मेटचा पट्टा लोंबत होता तो त्याने लावून दिला आणि तिला सावकाश जा म्हणाला, पुन्हा शुद्ध भाषेत. घरी येताना रिक्षात मला रडू येत होतं आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

वर काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. शेड चालू आहे, गाळाही चालू आहे. सकाळी पेपर आला की दोघांच्या आधी मी तो उचलते आणि दारातच उभ्याने व्यापाराचं पान बघून घेते. एवढी वर्षं लोकांच्या मुलांचे निकाल लावले, पण या निकालात काय छापून यावं ते मला ठरवता येत नाही. आजही बातमी नव्हती. मी पेपर घडी करून होता तसा ठेवला आणि तिघांचा चहा टाकला.