वाढपी नानाची पहिली पंगत

माझा साडू नाना त्या हॉटेलात शिरला की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. ताट घ्यायचा नाही, खुर्ची धरायचा नाही. साहेब लोक पुलाची पाहणी करतात तशी सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारायचा, झाकणं उचलून आत डोकावायचा, वाफ चष्म्यावर घ्यायचा, आणि परत येऊन बरोबरच्यांना हळूच सांगायचा, "नूडल्सना हात लावू नका. पोट भरवायला ठेवल्यात. खरा माल मागच्या टेबलावर आहे." हे मला आमच्या हिनं सांगितलं. ही त्याच्याबरोबर दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा घरी येऊन सोडा पिऊन झोपली होती.

हॉटेल म्हणजे बडोद्यातलं, अलकापुरीकडचं, दारात लाल कंदील टांगलेलं. एकदा पैसे भरले की वाटेल तेवढं खा. एशियन बुफे म्हणे. मी चौथी शिकलेला माणूस, पण आशिया खंडात आपणही येतो एवढं मला चौथीत शिकवलं होतं. मग त्यात आपली भाकरी कुठे होती? चीनचं, जपानचं, थायलंडचं एका ओळीत मांडायचं, त्यातलं निम्मं जैन करायचं, आणि कोपऱ्यात पाणीपुरीवाला उभा करायचा. कारण बडोद्याचा माणूस जगभर फिरून आला तरी शेवटी तिथेच जाऊन उभा राहतो. समुद्रातल्या शेवाळात गुंडाळलेला गार भात, त्याला सुशी म्हणतात. आमच्या घरी गार भाताला फोडणी देतात. गुंडाळून पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.

आणि ह्या सगळ्यावर नानाचा जीव. रेल्वेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेला, नागरवाड्यात दोन खोल्यांत राहणारा, सत्तरी ओलांडलेला माणूस. महिन्याच्या पहिल्या शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून, रिक्षा करून निघायचा. शुक्रवारी रात्री जेवायचा नाही. त्याचे नियम ठरलेले होते. सूप घ्यायचं नाही, पाणी प्यायचं नाही, पहिल्या फेरीत भात घ्यायचा नाही. "पहिल्या फेरीत भात घेतो तो नवखा," असं तो मला शिकवायचा, जसा काही मी उद्या परीक्षेला बसणार होतो. "अरे, हावरट आहेस तू," मी तोंडावर म्हणायचो. त्याला राग यायचा नाही. हसायचा. हसला की वरची कवळी थोडी खाली यायची.

सगळ्यात मोठा विनोद म्हणजे त्याचं ताट. तिथे लोक एकावर एक ढीग करतात, पण हा ताट पंगतीसारखं मांडायचा. वर मधोमध चिमूटभर मीठ. उजवीकडे भाजीच्या जागी मांचुरियन, डावीकडे लोणच्याच्या जागी ती कोरियाची आंबलेली कोबी. दुसऱ्या फेरीत मधे फ्राइड राइस, तोही वाटीनं मूद पाडून. मग बाटलीच्या झाकणातून पाणी घेऊन ताटाभोवती फिरवायचं. आजूबाजूचे कॉलेजवाले मोबाइल काढायचे. एकदा त्यानं जपानी टेबलावरची हिरवी गोळी डाव्या बाजूला मांडली. चटणीची जागा ती, आणि रंग कोथिंबिरीचा. लिंबाएवढी घेतली होती. बोटानं उचलून अर्धी तोंडात टाकली. ही सांगत होती, नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, टाळूवर हात दाबून पाच मिनिटं बसला होता. वेटर घाबरून धावत आला, "काका, रहेवा दो ने!" नाना म्हणाला, "भाई, थाळीमां लीधुं ते खावानुं." आणि उरलेली अर्धी त्यानं भाताबरोबर संपवली. ताटात टाकायचं नाही हा पंगतीचा नियम, तो त्यानं जपानलासुद्धा लावला. ह्याला मी मूर्खपणा म्हणतो.

त्याची एकच इच्छा होती. मी एकदा त्याच्याबरोबर तिथे जेवावं. सात वर्षं तो विचारत होता. दर महिन्याला फोन, "दादा, ह्या शनिवारी?" आणि दर महिन्याला माझं उत्तर एकच. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, म्हणून मी त्याचा दादा. दादानं एकदा नाही म्हटलं की विषय संपायला पाहिजे. पण हा चिवट.

माझ्या नाहीला कारण होतं आणि ते मी लपवलेलं नाही. बडोद्याला आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. गोरव्याच्या कारखान्यात चिकटेपर्यंत चार महिने पाणीगेटजवळ एका धर्मशाळेत फुकट जेवणाच्या रांगेत ताटली घेऊन उभा राहिलो. वाढणारा माणूस तोंडाकडे बघायचा नाही, ताटलीकडे बघायचा. पहिला पगार हातात पडला त्या दिवशी ठरवलं, आता ताट घेऊन कुणापुढे उभा राहणार नाही. पुढे लेथवर चाळीस वर्षं काढली, कँटीनच्या रांगेत एक दिवस उभा राहिलो नाही. घरचा डबा खाल्ला. लग्नाकार्यात जिथे बुफे असेल तिथे आहेर देऊन उपाशी परत आलो. लोक नावं ठेवतात. ठेवू देत.

"दादा, ती रांग वेगळी, ही वेगळी," नाना म्हणायचा. "इथे चमचा आपल्या हातात असतो."

"रांग ती रांग. माणसानं बसावं आणि त्याला कुणीतरी वाढावं. ही जेवायची रीत."

ह्यावर तो विषय बदलायचा. का ते मी कधी विचारलं नाही.

हा माणूस म्हणजे बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींचा वाढपी. पैसे घेऊन वाढणारा नव्हे, हौसेचा. मुंज असो, लग्न असो, कुणाचं तेरावं असो, ऑफिसातून रजा काढून हजर. धोतर खोचायचा, कमरेला पंचा बांधायचा आणि श्रीखंडाचं पातेलं घेऊन ओळीतून असा जायचा की थेंब सांडायचा नाही. कुणाला भातावर जास्त तूप लागतं, कोण नको म्हणतो पण ताटावर हात आडवा धरत नाही, सगळं त्याला पाठ. "काका, एक घास माझ्या नावाचा!" ह्या त्याच्या ओरडण्यावर माणसं दोन घास जास्त जेवायची. माझं मत विचाराल तर लोकांनी त्याला गोड बोलून राबवून घेतलं. "नानाशिवाय पंगत उठत नाही" म्हटलं की हा फुलायचा आणि पुन्हा पातेलं उचलायचा. मी मात्र प्रत्येक कार्यात पहिल्या पंगतीला, पहिल्या पाटावर. तो माझा मान होता आणि मी तो सोडला नाही.

त्याची बायको कुसुम गेली आणि त्या दोन खोल्या त्याला खायला उठल्या. मुलगा बेंगळुरूला असतो. त्यानं बापाला कायमचं न्यायचं ठरवलं. नानानं भाड्याची जागा सोडली, भांडी वाटून टाकली. श्रीखंडाचं पातेलं आमच्याकडे आणून ठेवलं. रविवारची गाडी. मंगळवारी त्याचा फोन आला, "दादा, शनिवार माझा शेवटचा इथला. ह्या वेळी तरी?"

मी म्हटलं, "स्टेशनवर येईन पोचवायला. त्या कंदीलवाल्याकडे नाही."

फोन ठेवला. ही समोर मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "निघाला आता, तरी ह्याचं लक्ष खाण्यावर. सत्तरी ओलांडली तरी हावरटपणा जात नाही माणसाचा."

हिनं मेथी बाजूला ठेवली. "आपल्या सुमनच्या लग्नात नाना काय जेवला, माहीत आहे तुम्हाला?"

सुमन आमची मुलगी. तिच्या लग्नात सहा पंगती उठल्या होत्या. अजून लोक नाव काढतात.

"जेवला असेल सगळ्यांबरोबर," मी म्हटलं.

"सगळ्यांबरोबर तो कधी जेवलाय? सहाही पंगती त्यानं वाढल्या. साडेचार वाजता वाढपी बसले, तेव्हा श्रीखंड संपलेलं, पुऱ्या संपलेल्या, जिलब्या संपलेल्या. तळाचा करपलेला मसालेभात मीच खरवडून दिला त्याला, आणि मठ्ठा. तुम्ही दारात उभं राहून पाहुण्यांना विडे देत होता. मला म्हणाला, ताई, दादांना सांगू नका हं. त्यांना वाटेल, कार्यात कमी पडलं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. त्याला तोंड नव्हतं?"

"आणि हेच सगळीकडे. चाळीस वर्षं. मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर बुफेला गेले ना, तेव्हा विचारलं, नाना, एवढं काय आहे हो इथे? तर म्हणाला, ताई, इथे कुणी वाढत नाही. म्हणून शेवटची पंगतच नाही. मी बारा वाजता येतो आणि सगळी पातेली भरलेली असतात."

मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आमच्या घरात बोललेलं पुन्हा बोलायची पद्धत नाही, त्यामुळे ही पुन्हा मेथी निवडायला लागली. पण सुमनच्या लग्नात मी तीन वाट्या श्रीखंड खाल्लं होतं, हे मला चांगलं आठवत होतं. त्यातली तिसरी नानानं "दादा, माझ्या नावाची" म्हणून वाढलेली.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. "शनिवारी येतो. पण रांगेत ताट घेऊन उभा राहणार नाही, आधीच सांगतो."

तिकडून आवाज एकदम तरणा झाला. "नका राहू दादा! तुम्ही फक्त बसा. मी आणून वाढतो तुम्हाला."

शनिवारी बाराच्या आधी रिक्षातून उतरलो. आतलं वर्णन करायला नको. गारठा, अंधार, कुठल्यातरी बाईचं रडकं गाणं, भिंतीवर दात काढलेला साप. तो ड्रॅगन, असं नानानं समजावलं. त्यानं मला कोपऱ्यातली मऊ खुर्ची दिली, स्वतः हात मागे बांधून चक्कर मारून आला, डोळे चमकत होते. "आज मागचं टेबल झकास आहे, दादा. बसा तुम्ही." आणि ह्या पंचाहत्तरीच्या माणसानं मोठा रुमाल काढून कमरेला बांधला.

तो रुमाल बघितला आणि माझं डोकं फिरलं.

"सोड तो," मी म्हटलं.

"अहो, सांडतं म्हणून."

"सोड म्हणतो ना! आणि बस खाली. माझ्या खुर्चीवर बस."

"पण तुम्हाला कोण आणून—"

"नाना, आयुष्यात एकदा दादाचं ऐक. खाली बस."

तो बसला. घाबरला होता, मी चिडून घरी निघतो की काय म्हणून. मी सरळ गेलो, ढिगातलं ताट उचललं आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चार पोरी, मागे एक जाडा शेठ. ताट दोन्ही हातांनी धरलं होतं. वय झालंय. मला नावं येत नव्हती, पण पंगतीच्या जागा येत होत्या. मीठ वर, भाजी उजवीकडे, आंबलेली कोबी डावीकडे. हिरव्या गोळीला हात लावला नाही. ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. मग पुन्हा गेलो. पाच फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीला वेटर आडवा आला, "अंकल, आप बैठिए ना, काका खुद ले लेंगे."

"तो नाही घेणार," मी म्हटलं. "आज तो पहिल्या पंगतीला आहे."

नाना जेवला. सावकाश. एकदा ताटावर हात आडवा धरला तेव्हा मी वाकून म्हटलं, "एक घास माझ्या नावाचा." त्यानं हात काढून घेतला. मी ते वाफवलेलं पांढरं बोचकं वाढलं, त्यानं ते खाल्लं, आणि चष्मा काढून पुसत बसला. तिथे वाफ नव्हती.

त्याचं जेवण होईपर्यंत तीन वाजून गेले. टेबलं आवरायला घेतली होती. नाना लगबगीनं उठायला लागला, "दादा, तुम्ही राहिलात! मी बघतो काही मिळतंय का."

"बस," मी म्हटलं.

पातेल्यांतून तळाला जे चिकटलं होतं ते मी माझ्या हातानं खरवडून घेतलं. गोळा झालेल्या नूडल्स, आणि कडेचा करपलेला भात. गार झाला होता. त्याच्यासमोर बसून, ताटात काही न टाकता, सगळं खाल्लं.

अगदी भिकार होतं. मी त्याला तसं सांगितलंही.