आमच्या घरचं डोकं

अमडापूरजवळच्या आमच्या गावात आमच्या घराचे किस्से इतके साचले आहेत, का दुसऱ्यांच्या पाहुण्यांले बी ते पाठ झाले. पानठेल्यावर बाकीचा विषय सरला का आमचा निघते. हसतात मेले! म्हटलं, आता मीच सांगीन. निदान खरं तरी सांगीन.

*

वसंतदादा माझा मोठा भाऊ, मी त्याची धाकटी बहीण. ऐन विशीत त्याले आवाज ऐकू यायले लागले. विहिरीतून कोणी तरी शिव्या देते म्हणे. माय अन् मी त्याले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. गोळ्यांनी आवाज थांबले, पण डोक्यात काही टिकेना. दोन कामं सांगतली तर एकच ध्यानात राहे, अन् तेबी अर्धं.

मी हे डॉक्टरले सांगतलं. त्यानं इचारलं, "मारतो का?"

"नाही."

"कपडे फाडतो?"

"नाही."

"मग बरा झाला की! घेऊन जा."

म्हणजे दुसऱ्याले तरास नाही, तो बरा. दादाले सोताले काय तरास होते, ते इचारायची कोणाले गरज वाटली नाही.

*

एक दिवस दादानं चहा मांडला. चूल पेटवली, पाणी ठेवलं, गूळ टाकला, दूध ओतलं. पत्तीच राह्यली. शेजारचा गुलाबराव ओट्यावर बसला होता. कपातलं पांढरं पाणी पाहून तो म्हणे, "काऊन बे वसंत्या, पत्ती भुतानं खाल्ली का?"

सारा ओटा हसला. दादा बी हसला, कारण सगळे हसत होते. मंग आत येऊन मले हळूच म्हणे, "बाई, सगळं समोर असते. पण कोणतं झालं अन् कोणतं राह्यलं, हे मधातच निसटते."

मले असा राग आला! तोच कप गुलाबरावच्या हातात देल्ला अन् त्यानं पिऊन सरवेपर्यंत त्याच्यापुढून हलली नाही.

*

आता माझंच घ्या. सासरी पाहुणे आले, घाईत वरणात मीठ दोनदा पडलं. सासू पाहुण्यांदेखत म्हणे, "माहेरचं डोकं आलं वाटते." थोड्याच दिवसांनी ती चुलीवर दूध ठेवून देवळात गेली, अन् भांड्याचा कोळसा झाला. तिचा तो इसराळूपणा अन् माझा तो आजार!

खोटं कशाले बोलू? माझ्या हातून बी कामं निसटतात. आत्या अशीच होती, बाप असाच होता, अन् त्याइले कधी आवाज आले नाहीत. घराण्यात आहे ते. मी कधी नाही म्हटलं? पण त्याच्यावर हसायचा मक्ता गावाले कोणी देल्ला?

*

बाप गेल्यावर सख्ख्या काकानं चिखलीच्या कचेरीत अर्ज केला. "वसंता पागल आहे, त्याच्या ध्यानात काही राहत नाही, त्याच्या हिश्श्याचं शेत माझ्या नावावर करा." ते शेत गेलं असतं तर दादा अन् माय रोज काकाच्या दारात भाकरीसाठी उभे राह्यले असते.

तारखेच्या दिवशी काकानं पहाटेच बैलगाडी जुंपली. काकूले साक्षीदार म्हणून घेतलं, अन् दादाले, मायले, तारखेसाठी माहेरी आलेल्या मले बी त्याच गाडीत घातलं.

कचेरीतले साहेब पुण्याकडचे, तरणेताठे. त्यांनी दादाले इचारलं, "आपण कोणत्या राज्यात राहतो?"

दादानं बोटं मोजली. मंग म्हणे, "मध्य प्रदेश... नाही, मुंबई."

"पाह्या साहेब!" काका हसला.

मी उठली. "साहेब, चार-पाच वर्षांत आम्ही तीन राज्यं पाह्यली, मध्य प्रदेश, मुंबई, अन् आता हे नवं महाराष्ट्र. तुमच्या टेबलावरचा शिक्का अजून मुंबई राज्याचाच आहे. त्याले पागल म्हणता का?"

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले. पण शिक्का त्यांनी उलटा करून पाह्यला.

मंग काकाची जबानी झाली. "साहेब, याच्या हाती काही देल्लं तर ते कुठं ठेवलं, हे याले सांगता येत नाही. असा माणूस शेत काय सांभाळीन?" साहेबांनी मान हालवली अन् जेवण करून निकाल लिहितो म्हणून सांगतलं. मायनं माझा हात घट्ट धरला. आमचं शेत गेलं, हे तिले बी समजलं होतं.

बाहेर अमडापूरची येष्टी उभी होती. काका मोठ्या खुशीत होता. थैली काखेत मारली, येष्टीत चढला, खिडकीची जागा धरली अन् गेला. आम्ही लिंबाखालून पाहातच राह्यलो.

जेवण करून साहेब हात धुवाले बाहेर आले. दादा बैलांपुढं कडबा टाकत होता, काकू गाडीत बसून होती.

"ही गाडी कोणाची?" साहेबांनी तिले इचारलं.

"अर्ज केला त्याइची."

"ते कुठे आहेत?"

"येष्टीनं घरी गेले."

"आणि तुम्ही?"

काकूनं डोक्यावरचा पदर सावरला. "मी बी त्याइचीच, साहेब."

साहेब ओले हात तसेच घेऊन आत वळले.

"अर्जदारांना परत बोलवा," ते कारकुनाले म्हणाले. "काही प्रश्न त्यांनाही विचारायचे आहेत."