आक्का मिश्री लावायच्या तेव्हा

आक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा की आपल्या चारही बालवाड्या आता महिनाभरात बंद पडणार. रडू नंतर आलं.

पिंपळे गुरवच्या आक्का कधी शाळेत गेल्या नाहीत. कारखान्यात जाणाऱ्या बायांची पोरं रस्त्यावर हिंडताना बघून त्यांनी गोठ्याशेजारच्या खोलीत पहिली बालवाडी काढली. मी तिथे शिकवायला लागले, कागदपत्रंही बघू लागले. पुढे चार वस्त्यांत चार बालवाड्या झाल्या, तरी साधा खिळा ठोकायचा असला की बाया आक्कांना विचारायला यायच्या. एक दिवस त्या वैतागल्या. "आमी काय अमरपट्टा घिऊन आलोय व्हय? जिची वस्ती तिनं चालवावी."

"मग अध्यक्ष कोण?" मी जरा आशेनंच विचारलं.

"कुणी न्हाई. समद्या मिळून बघा."

मला ते मुळीच पटलं नाही.

पुढच्याच बैठकीत वेळेचा प्रश्न निघाला. कंपन्यांच्या शिफ्ट बदलल्या होत्या. सगळीकडे एकच वेळ ठेवा, असं मी सांगून टाकलं. एकच गलका झाला आणि सगळ्या आक्कांकडे वळल्या. आक्कांनी शांतपणे तळहातावर मिश्री घेतली आणि दात घासायला सुरुवात केली...

"अवो आक्का, आधी थुका की!" भोसरीची बालवाडी बघणारी सरूबाई ओरडली. आक्कांनी नुसतं बोट हलवलं. घासणं काही संपेना. शेवटी सरूच म्हणाली, "माझ्याकडच्या बाया सहाला निघत्यात. मी साडेपाचला उघडते. तुमी तुमचं बघा." चार वस्त्यांच्या चार वेळा ठरल्या. मग आक्का चूळ भरून आल्या. "काय ठरलं गं?" चेहरा अगदी साळसूद! त्यानंतर दर बैठकीत त्यांची मिश्री लांबतच गेली.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. परवा बाजारात कळलं, चऱ्होलीत पाचवी बालवाडी सुरू झाली. मला न विचारता! तणतणतच गेले. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस पोरं खिचडी खात होती, सरूबाई वाढत होती.

"मला सांगायचं नाही?"

"ऱ्हायलंच बघा बाई, गडबडीत." तिनं कडेवरचं पोर माझ्या हातात दिलं. "आलाच हाय तर ह्याला घ्या. लई रडतंय."

आक्कांनी ही खोली कधी पाहिली नव्हती. मी दाराशी बसले. पोर गप्प झालं... मला मात्र आक्कांची ती लांबलेली मिश्री आठवली आणि हसू आवरेना.